यूके स्टुडंट व्हिसा: आठवड्याचे २० तास होम ऑफिसला कळतात कुठून?

नवा_एमएससी
एक वर्षाचा एमएससी कोर्स आहे. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. पगार महिन्याने होतो आणि पे-स्लिपवर महिन्याचे एकूण तास येतात. मग एखाद्या आठवड्यात २३ तास भरले, तर ते होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला) कसं कळणार? महिन्याची सरासरी धरतात का? दोन ठिकाणी काम केलं तर प्रत्येकी २० की मिळून २०? जूनपासून नुसतं डिझर्टेशन (प्रबंध) असतं, लेक्चर नसतात, तेव्हा पूर्णवेळ चालतं का? आणि रोख पगाराची नोंद कुठे होते?

पेरोल_डेस्क
तास मोजणारं मीटर कुठेही बसवलेलं नाही. नोंदी मात्र पडत राहतात आणि लागतील तेव्हा होम ऑफिसला मागवता येतात.

मुख्य नोंद पेरोलची. प्रत्येक पगाराला, पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी, मालकाला एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) फुल पेमेंट सबमिशन, म्हणजे पगाराचा तपशील, पाठवावा लागतो. त्यात तुमचा एनआय नंबर (नॅशनल इन्शुरन्स क्रमांक), रक्कम, कर आणि आठवड्याच्या नेहमीच्या तासांचा एक गट असतो. 'ए' म्हणजे १५.९९ तासांपर्यंत, 'बी' १६ ते २३.९९, 'सी' २४ ते २९.९९, 'डी' ३० किंवा जास्त. ठरावीक तास नसतील तर 'ई'.

आता 'बी' गट बघा. त्यात २० तासही बसतात आणि २३ तासही. म्हणजे एका नोकरीच्या नोंदीवरून उल्लंघन सिद्ध होईलच असं नाही. पण एकाच एनआय नंबरवर दोन मालकांनी 'बी' टाकला, तर बेरीज कमीत कमी ३२ होते. तिथे वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. दोन नोकऱ्यांची मर्यादा मिळून २० तासच, हे उत्तर यातच आलं. विद्यापीठातलं काम आणि बिनपगारी इंटर्नशिपही त्याच २० तासांत धरतात.

गट 'ई' असेल तर रक्कम बोलते. पगाराला तासाच्या दराने भागलं की तास निघतात. यात एक अडचण आहे. झीरो-अवर करारावर (ठरावीक तासांची हमी नसलेल्या) बरेच मालक सुट्टीचे पैसे प्रत्येक पगारातच १२.०७ टक्क्यांनी जोडतात. उदाहरणार्थ, एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या १२.२१ पौंड किमान वेतन दराने २० तासांचे २४४.२० पौंड होतात, सुट्टीचे पैसे धरून २७३.६७. भागाकार केला तर २२.४ तास दिसतात, प्रत्यक्षात काम २०च तासांचं. म्हणून ज्या पे-स्लिपवर सुट्टीचे पैसे वेगळ्या ओळीत दाखवलेत, ती जपून ठेवा. पगार तासांवर कमी-जास्त होत असेल, तर पे-स्लिपवर तास छापणं ६ एप्रिल २०१९ पासून मालकाला बंधनकारक आहे. तास नसतील तर मागून घ्या.

रोटा_मॅनेजर
सरासरी चालत नाही. आठवडा सोमवार ते रविवार. चार आठवडे १६, १६, २४, १६ असे भरले तर सरासरी १८ येते, तरी तिसऱ्या आठवड्यात अट मोडलेलीच असते.

हा आठवड्याचा तपशील एचएमआरसीकडे नसतो, दुकानात असतो: रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक), क्लॉक-इनची नोंद, टाइमशीट. तपासणीला अधिकारी आले की हेच कागद आधी बघतात. रविवारची रात्रपाळी सगळ्यात फसवी. रात्री १० ते सकाळी ६ ही पाळी रोट्यावर रविवारच्या रकान्यात दिसते, पण तिचे २ तास संपणाऱ्या आठवड्यात जातात आणि ६ नव्या आठवड्यात. नव्या आठवड्यात आणखी १५ तास लावले तर झाले २१.

मालकही बांधलेला असतो. तुम्ही दिलेल्या शेअर कोडने (सरकारी साइटवरच्या सांकेतिक क्रमांकाने) राइट टू वर्क, म्हणजे कामाचा हक्क, तपासायचा, शिवाय विद्यार्थ्याच्या टर्मच्या तारखांचा पुरावा विद्यापीठाकडून आलेला असा घ्यायचा आणि नोकरी संपल्यावर २ वर्षं ठेवायचा. बेकायदा कामगार सापडल्यास १३ फेब्रुवारी २०२४ पासून दंड एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत आहे, पुन्हा सापडल्यास ६०,०००पर्यंत. म्हणूनच चांगले मॅनेजर जादा शिफ्ट मागितली तरी देत नाहीत. त्यांच्यावर रागावू नका.

डिझर्टेशनबद्दल: तुमच्यासारख्या पदव्युत्तर टॉट (लेक्चर असलेल्या, निव्वळ संशोधनाच्या नव्हे) कोर्सला उन्हाळ्याची सुट्टी धरत नाहीत. लेक्चर संपले तरी टर्म चालूच असते, म्हणून मर्यादा २०ची. पूर्णवेळ काम फक्त विद्यापीठाने अधिकृत सुट्टी म्हणून दिलेल्या दिवसांत आणि कोर्स संपल्यावर. डिझर्टेशन लवकर जमा केलं म्हणून कोर्स लवकर संपत नाही. मित्र पदवीच्या वर्षाला असेल तर त्याला उन्हाळ्यात पूर्णवेळ चालतं, त्याचं बघून तुमचं ठरवू नका. बरीच मुलं इथेच अडकतात.

कागदपत्र_आधी
रोखीबद्दल. पगार रोख मिळणं हा गुन्हा नाही. पेरोलवर न चढवता देणं ही गडबड. तशा कामाची एचएमआरसीकडे नोंद नसते हे खरं, पण अधिकारी धाड टाकतात तेव्हा तिथल्या प्रत्येकाला विचारतात: कधीपासून, किती दिवस, कुणी पैसे दिले. बेकायदा काम करणं हा कामगाराचाही स्वतंत्र गुन्हा आहे, २०१६च्या इमिग्रेशन कायद्यापासून, आणि मिळालेली मजुरी जप्त होऊ शकते. वर अशा ठिकाणी किमान वेतनही मिळत नाही आणि तक्रार करायची सोय उरत नाही.

फूड डिलिव्हरीत तासांचा प्रश्नच येत नाही. ते स्वयंरोजगारात मोडतं आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार पूर्ण बंद आहे, मग एक तास का असेना. दुसऱ्याच्या अकाउंटवर चालवणं तर त्याहून वाईट.

नवा_एमएससी
म्हणजे एखाद्या आठवड्यात चुकून २२ झाले असतील तर?

कागदपत्र_आधी
पुढच्या शिफ्ट लगेच कमी करा आणि रोटा, पे-स्लिप, मेसेज यांच्या प्रती काढून ठेवा. एचएमआरसीच्या अ‍ॅपवर प्रत्येक मालकाने कळवलेला पगार दिसतो, तो पे-स्लिपशी ताडून बघा. मालकाने चुकीची रक्कम कळवली असेल तर त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्या, नंतर जुनी नोंद निस्तरणं फार जड जातं.

मग परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला भेटा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातही सल्ला मिळतो, पण विद्यापीठ तुमचा स्पॉन्सर (व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेणारा) आहे, अट मोडल्याचं कळलं तर होम ऑफिसला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. म्हणून बोलण्याआधी ती माहिती गोपनीय राहील का, हे विचारा. दोन तासांच्या चुकीसाठी व्हिसा रद्द होऊ शकतो, होईलच असं नाही, तो निर्णय अधिकाऱ्याच्या हातात असतो. पण पुढच्या अर्जात अटींबद्दल विचारलं आणि खोटं लिहिलं, तर ती फसवणूक ठरते, आणि मग परतीच्या बंदीची मुदत १० वर्षांची आहे.

रोटा_मॅनेजर
फोनमध्ये एक साधी वही ठेवा: तारीख, ठिकाण, सुरू, बंद. दर रविवारी रात्री १२ला रेघ मारा आणि दोन्ही नोकऱ्यांची बेरीज करा. १८ला थांबायचं ठरवलंत, तर शिफ्ट लांबली तरी निभावतं.