अनुभव धागा : मोठ्या दुकानसाखळीशी पडलेली गाठ

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० जून २०११ रोजी वॉलमार्ट या मोठ्या दुकानसाखळीविरुद्धच्या एका प्रचंड दाव्याचा निकाल दिला. पगार आणि बढती या दोन्हींत स्त्रियांना डावलले जाते, असे म्हणणे मांडणारा हा दावा २००१ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला होता आणि सुमारे १५ लाख आजी-माजी कर्मचारी स्त्रियांच्या वतीने तो सामूहिकरीत्या चालवायला खालच्या न्यायालयांनी परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. बढतीचे आणि पगाराचे निर्णय हजारो दुकानांतले व्यवस्थापक आपापल्या अखत्यारीत घेत होते, तेव्हा या सगळ्या तक्रारींना बांधणारे समान सूत्र सिद्ध होत नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या वेगळ्या मतात आकड्यांकडे लक्ष वेधले होते : तासावारी नोकऱ्यांत स्त्रिया ७० टक्के, व्यवस्थापनात मात्र ३३ टक्के. भेदभाव झाला की नाही, याचा निवाडा त्या निकालात झालाच नाही. एवढ्या जणींनी एकत्र येऊन दाद मागायची नाही, इतकेच ठरले.

त्या काळात मी न्यू जर्सीतल्या दुसऱ्याच एका साखळीत कपड्यांच्या विभागात काम करत होते. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा नऊ महिन्यांत माझा सुपरवायझर झाला, तेव्हा मी ते माझे दुर्दैव समजले होते. शेजारच्या विभागातल्या दोघींच्या बाबतीतही तेच घडले होते, हे मला नोकरी सोडल्यानंतर एका बारशाच्या कार्यक्रमात कळले. आम्ही तिघी चार वर्षे एकाच खोलीत बसून डबा खात होतो. तो निकाल वाचताना मला ती खोली आठवली आणि म्हणून हा धागा काढते आहे.

नोकरी, शेजार, गिऱ्हाईक, नगरपालिका, ज्या नात्याने तुमचा संबंध आला असेल ते लिहा. विनंती एकच : स्वतःच्या तक्रारीत दुकानाचे किंवा माणसाचे नाव लिहू नका. न्यायालयात गेलेल्या जाहीर प्रकरणांची नावे घ्यायला हरकत नाही. चांगला अनुभव असेल तर तोही तितक्याच मोकळेपणाने लिहावा.

जाईजुई

मी कॅलिफोर्नियात सहा वर्षे गल्ल्यावर होते. आमच्या पायाखाली काळ्या रबराची एक चटई असायची. ती ज्या ठिकाणी झिजलेली असे, बरोबर त्याच दोन खळग्यांत पाय ठेवून प्रत्येक शिफ्टची कॅशियर उभी राही. सातव्या तासाला टाचेत सुरू होणारी कळ गुडघ्यापर्यंत चढायची आणि मग आम्ही शरीराचा भार गल्ल्याच्या कडेवर टाकून उभ्या राहायचो, तर त्यावर मॅनेजर टोकायचा की गिऱ्हाइकांना ते आळशीपणाचे दिसते. स्टूल मागितले तर डॉक्टरची चिठ्ठी लागे.

मला बरीच वर्षे माहीत नव्हते की कॅलिफोर्नियात यासाठी नियम आहे : कामाचे स्वरूप पाहता बसून काम करणे शक्य असेल तर मालकाने योग्य आसन द्यायला हवे. साखळ्यांचे म्हणणे असे की, कॅशियर मधूनमधून माल लावते, गिऱ्हाइकांच्या ढकलगाड्या गोळा करते, म्हणून तिचे काम एकंदरीत उभ्याचेच आहे. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, दिवसभराचे सगळे काम एकत्र धरून चालणार नाही. त्या विशिष्ट जागेवर, म्हणजे गल्ल्यावर, जे काम होते ते बसून करता येते का हे पाहावे लागेल. त्यानंतर २०१८ मध्ये वॉलमार्टने याच मुद्द्यावरच्या खटल्यात ६.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तो खटला राज्यातल्या सुमारे एक लाख आजी-माजी कॅशियरांच्या वतीने होता.

आमच्या दुकानात २०१९ च्या सुरुवातीला दोन स्टुले आली. गल्ले अकरा होते. ती स्टुले आम्ही आपसांत ठरवून आधी वयस्क बायकांना दिली.

सतरापंधरा

माझा अनुभव पेनसिल्व्हेनियातला आणि जेवणाच्या व विश्रांतीच्या सुट्टीबद्दलचा आहे. रुजू होताना हातात दिलेल्या पुस्तिकेत लिहिले होते की, ठरावीक तासांमागे पंधरा मिनिटांची भरपगारी विश्रांती मिळेल. प्रत्यक्षात रांग मोठी असली की ती मिळत नसे, आणि रांग नेहमीच मोठी असे, कारण पाळीवर माणसे मोजूनमापूनच लावलेली असत. यात कोणी आरडाओरडा करून सुट्टी नाकारत नसे. सुपरवायझर अजिजीने म्हणायचा, "एवढी रांग काढ आणि जा," आणि ती रांग संपेपर्यंत पाळी संपलेली असायची.

या राज्यात प्रौढ कामगाराला विश्रांती दिलीच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे वॉलमार्टविरुद्ध तिथे जो सामूहिक दावा चालला, त्याचा आधार कंपनीने आपणहून दिलेला शब्द हाच होता. फिलाडेल्फियातल्या ज्युरीने २००६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. सुमारे १ लाख ८७ हजार आजी-माजी कर्मचारी त्यात होते. कंपनीने २००१ पासून विश्रांतीसाठी घड्याळात नोंद करण्याची पद्धतच बंद केली होती, आणि मग कोणाची किती विश्रांती बुडाली हे प्रत्येकाचे वेगवेगळे सिद्ध करा, असा तिचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १५ कोटी १० लाख डॉलरची रक्कम कायम केली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. म्हणजे ज्युरीच्या कौलानंतरही जवळजवळ दहा वर्षे गेली. तासावारी मजुरीवर जगणाऱ्या माणसाने एवढी वर्षे कशी काढायची, हा प्रश्न मला निकालाच्या आनंदापेक्षा जास्त छळतो.

माझ्या त्या नोकरीबद्दल कुठलाच दावा झाला नाही. मी तेव्हा काहीच लिहून ठेवले नव्हते.

धागाकर्ती

सतरापंधरा, तुमचे शेवटचे वाक्य वाचून थांबले. आम्हा तिघींपैकीही कोणी तारखा लिहून ठेवल्या नव्हत्या. लिहिण्यासारखे काही घडते आहे, असेच वाटले नव्हते.

पिंपळपार

माझा अनुभव नोकरीचा नाही. आमच्या उपनगरात एका मोठ्या साखळीने दुकानासाठी अर्ज केला आणि नगर परिषदेने जाहीर सुनावणी ठेवली. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटे होती. समोर एक दिवा असायचा, तो हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल झाला की माइक बंद. कंपनीच्या वकिलाला मात्र सादरीकरण म्हणून चाळीस मिनिटे मिळाली. मी नाल्याबद्दल बोलायला गेलो होतो, कारण पार्किंगसाठी जी जमीन डांबराखाली जाणार होती तिच्यावरचे पावसाचे पाणी कुठे वळवणार याचे उत्तर नकाशात नव्हते. माझे वाक्य अर्धे राहिले. माझ्यामागे एक ऐंशीच्या पुढच्या आजी उभ्या होत्या. त्यांनी पाळी येताच आपली दोन मिनिटे मला देऊन टाकली. परिषदेने त्या रात्री मतदान पुढे ढकलले आणि शेवटी पाण्याचा तलाव खोदण्याच्या अटीवर परवानगी दिली. दुकान झाले, तलावही झाला. गेली अकरा वर्षे आमच्या तळघरात पाणी आलेले नाही.

सुनावणी ही किती मोलाची गोष्ट आहे हे मला इंगलवूडचे प्रकरण वाचून नीट समजले. लॉस एंजेलिसजवळच्या या शहरात २००४ मध्ये वॉलमार्टने थेट मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला होता, आणि तो मंजूर झाला असता तर पर्यावरणाचा आढावा आणि जाहीर सुनावण्या यांशिवायच बांधकाम करता आले असते. प्रचारावर कंपनीने भरपूर पैसा ओतला होता. तरी सुमारे ६० टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. लोकांचा विरोध दुकानाला किती होता आणि सुनावण्या वगळण्याला किती होता, हे मतपत्रिकेवरून कळत नाही. मी तिथे असतो तर माझे मत यांतल्या दुसऱ्या कारणासाठी पडले असते.

माळरान

सगळे जण विरोधात लिहीत आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. आम्ही जिथे राहत होतो त्या गावात मोठे दुकान येण्याआधी औषधांसाठी पन्नास मैल जावे लागे. माझी आई रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेत असे. २००६ मध्ये वॉलमार्टने काही जेनेरिक औषधे महिन्याला ४ डॉलरला द्यायला सुरुवात केली आणि पाठोपाठ इतरांनीही दर उतरवले, तेव्हा आमचा खर्च खरोखर निम्म्यावर आला. गावातल्या पाच-सहा तरुणांना पहिली नोकरी तिथेच मिळाली. त्या साखळीच्या विरोधात सह्या गोळा करणाऱ्यांशी मी भांडलो आहे.

पुढे तेच दुकान बंद झाले. बंद होणार असल्याची चिठ्ठी दारावर लागली आणि महिन्याभरात फळ्या रिकाम्या झाल्या. दरम्यान मुख्य रस्त्यावरचा जुना किराणावाला गिऱ्हाइके गेल्यामुळे आधीच दुकान विकून गेला होता. त्यामुळे आम्ही पुन्हा पन्नास मैलांवर आलो. पूर्वी निदान किराणा तरी गावात मिळे, आता तोही नाही. २०१६ च्या जानेवारीत वॉलमार्टने एकदम २६९ दुकाने बंद करत असल्याचे जाहीर केले, त्यांतली १५४ अमेरिकेतली होती. ती यादी मी गावांची नावे वाचत खालपर्यंत पाहिली होती. सह्या गोळा करणाऱ्यांपैकी एका बाईंची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि आईच्या गोळ्या आता कुठून आणता, एवढेच विचारले.

हिशेबनीस

मी मिशिगनमध्ये एका गावाच्या वाचनालयाच्या मंडळावर स्वयंसेवक म्हणून होते. तुम्हा बहुतेकांना ज्या वादाची कल्पना नसेल तो लिहिते. मोठ्या साखळ्या आपल्या इमारतींवरच्या मालमत्ता कराला हरकत घेतात आणि म्हणतात की, चालत्या दुकानाची किंमत ठरवताना बंद पडलेल्या, रिकाम्या दुकानांच्या विक्रीचे भाव धरावेत. या युक्तिवादाला 'अंधाऱ्या दुकानाचा सिद्धान्त' असे नाव पडले आहे. यातली खरी मेख अशी की, रिकामे दुकान विकताना साखळ्या खरेदीखतातच अट घालतात की या जागेत स्पर्धक दुकान काढायचे नाही. मग ती इमारत कोण घेणार? भाव पडतो, आणि तो पडलेला भाव पुढच्या करकपातीसाठी पुरावा म्हणून वापरला जातो.

आमच्या गावाने करकपात मान्य केली, कारण वकिलावर खर्च करण्याइतका पैसा नव्हता. आधी वसूल केलेला कर परत द्यावा लागला. त्या वर्षी आम्ही वाचनालय रविवारी बंद ठेवण्याचा ठराव केला. ठरावाला अनुमोदन देणारा हात माझा होता. एस्कनाबा शहराने मात्र मेनार्ड्स या साखळीविरुद्ध लढा चालू ठेवला, आणि २०१६ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने कर लवादाचा निर्णय फिरवून, अशा अटींनी बांधलेल्या विक्रीचे भाव जसेच्या तसे धरणे चुकीचे असल्याचे सांगितले.

हिमफूल

मी कॅनडातल्या क्युबेक प्रांतात राहते. इथे युनियनचा विषय निघाला की झोंकियेर हे नाव निघतेच. तिथल्या वॉलमार्टच्या कर्मचाऱ्यांच्या युनियनला २००४ मध्ये मान्यता मिळाली, पहिला करार होण्याआधीच २००५ मध्ये दुकान बंद करण्यात आले आणि सुमारे १९० जणांची नोकरी गेली. दुकान आर्थिक कारणांनी बंद केल्याचे कंपनीचे म्हणणे होते. २०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला : करार होईपर्यंत नोकरीच्या अटी बदलता येत नाहीत, आणि पुरेसे कारण न देता दुकान बंद करणे हा तसाच बदल आहे. दुकान अर्थातच पुन्हा उघडले नाही. मी स्वतः दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होते, तेव्हा युनियनमध्ये सामील होण्याचे कार्ड सहीसाठी पुढे आले की झोंकियेरचे नाव कोणीतरी हळूच घ्यायचे आणि कार्ड परत खिशात जायचे. माझेही गेले होते. ते नऊ वर्षांनी लागलेल्या निकालाने बाहेर आले नाही.

सतरापंधरा

धागाकर्तींच्या प्रतिसादानंतर जुने खोके उपसले. पगाराच्या तीन वर्षांच्या पावत्या सापडल्या. त्यांवर कामाचे तास आहेत, विश्रांतीचा रकानाच नाही. दोन पावत्यांच्या मागे बायकोने किराण्याची यादी लिहिली आहे आणि एकीच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात "आज जेवण ४.४०" असे आहे. पाळी आठला सुरू व्हायची. ही नोंद मी का केली होती, ते आता आठवत नाही. आता माझी मुलगी एका दुकानात शनिवार-रविवारी काम करते. तिला काल एक छोटी वही आणून दिली आणि कामाला लागल्याची, जेवायला गेल्याची आणि सुटल्याची वेळ रोज लिहायला सांगितली.