मदत हवी आहे: जीप दहा मिनिटांत बंद पडते (आणि मग आम्ही भांडतो)

दहानंबरी पाना
नमस्कार. थोडक्यात लिहिते, डोकं फिरलंय. बाबा आणि मी मिळून एक जुनी जीप उभी करतोय. अडीच वर्षं झाली. पत्रा झाला, रंग झाला, इंजिन खोलून बांधून झालं. आता अर्ध्या सेल्फला चालू होते, छान चालते, आणि दहा-बारा मिनिटांनी आचके देत बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा पहिल्यासारखी. पुन्हा दहा मिनिटं.
बाबा म्हणतात कार्बोरेटर. चार वेळा खोलून झालाय. पाचव्यांदा खोलला तर मी पाने घेऊन घर सोडेन. मला वाटतं करंटचं काहीतरी आहे, पण मला कोण विचारतंय. काय बघू? जरा लवकर सांगा.

वंगण
कोणती जीप? कुठलं साल? पेट्रोल की डिझेल? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

दहानंबरी पाना
कार्बोरेटर लिहिलंय ना, म्हणजे पेट्रोलच. विलीज आहे.

जुनं खोड
विलीजमधली कुठली, ताई? १९४५ ते ४९ ची सीजे-२ए, त्यानंतरची ३ए, की १९५३ पासूनची ३बी? बोनेट बसकं आहे की पेटीसारखं उंच? उंच असेल तर ३बी. तिच्यात हरिकेन इंजिन: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं म्हणून बोनेटही उचलावं लागलं. लोक तिला कुरूप म्हणतात. म्हणोत.

दहानंबरी पाना
उंच. १९५४ ची ३बी. आणि कुरूप अजिबात नाहीये.

बोनेटकाका
व्हेपर लॉक. डोळे मिटून सांगतो. पेट्रोल नळीतच उकळतं आणि वाफ अडकते. पंपापासून कार्बपर्यंतच्या नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावा, आठ-दहा. माझी गाडी कित्येक वर्षं चिमट्यांवर चालली.

सायलेन्सर
काका, चिमटे शोधून लावेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात इंजिन निवतं. चमत्कार एवढाच.

बोनेटकाका
शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. गाडी चालायची.

ठिणगी
पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर, सगळं फेका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. एका दुपारचं काम. कुठल्या काळात राहताय?

जुनं खोड
१९५४ च्या. गाडी त्याच सालची आहे म्हणून. आजार कळायच्या आधीच ऑपरेशनची घाई कशाला? शिवाय ते इलेक्ट्रॉनिक प्रकरण रस्त्यात गेलं की गेलं. पॉइंट नेलफाइलने घासून घरी येता येतं.

ठिणगी
दर महिन्याला घासत बसा मग.

किर्र
एक महत्त्वाचं. या गाडीच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (दात न घासता गिअर जुळवणारी रचना) नसतो, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला असतो. गाडी हलत असताना पहिला टाकू नका. पूर्ण थांबा, मग टाका. दात गेले की रडायची वेळ येते.

दहानंबरी पाना
@किर्र धन्यवाद, पण गिअरचा प्रश्नच नाहीये. गाडी वळणापर्यंत तरी जाऊ दे!

वंगण
बंद पडल्याच्या पहिल्या मिनिटातच दोन गोष्टी बघा. नंतर बघून उपयोग नाही, निवल्यावर सगळंच शहाण्यासारखं वागतं.
एअर क्लीनरची नळी काढून कार्बच्या घशात डोकवा आणि हाताने थ्रॉटल ढकला. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर कार्बमध्ये पेट्रोल आहे, वडिलांना सांगा की पाना खाली ठेवा. नाही उडाली तर टाकीचं झाकणही बघा. नवं बिनभोकाचं बसवलं असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि पंप नुसता ओढत बसतो.
मग कार्ब झाकून, एक जादा प्लग वायरला लावा, इंजिनच्या लोखंडाला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक आहे की पिवळट, मरतुकडी? आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, हे सांगायला नको.

दहानंबरी पाना
केलं. पिचकारी व्यवस्थित उडते. बाबांनी स्वतः तीनदा बघितली, चौथ्यांदा चष्मा पुसून. ठिणगी आधी पिवळी, मग नाहीच.
म्हणजे करंटच! कंडेन्सर बदलला, जवळ नवा होता. पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.०२० इंच ठेवला. आज चौदा मिनिटं चालली. मग बंद.

सायलेन्सर
प्रगती आहे. आणखी दहा कंडेन्सर बदला, पाऊण तास होईल.

जुनं खोड
जुने पॉइंट कसे दिसत होते?

दहानंबरी पाना
जळके. निळसर-काळे, एका बाजूला खळगा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. दोन महिन्यांपूर्वीच नवे घातले होते.

वंगण
दोन महिन्यांत एवढे जळले? बॅटरी किती व्होल्टची आहे?

दहानंबरी पाना
बाराची. सगळे बाराच घालतात ना. मूळ सहाची होती, ती बाबांनी बदलली. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, बल्ब सगळे नवे.

वंगण
आणि कॉईल? बॅटरीचे व्होल्ट वाढवून प्लगला ठिणगी देणारी?

दहानंबरी पाना
कॉईल मूळचीच. तिच्यावरची जुनी अक्षरं अजून वाचता येतात, म्हणून बाबांनी मुद्दाम ठेवली. पुसून, पॉलिश करून.

वंगण
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं हो, ताई!

जुनं खोड
सापडलं. सहा व्होल्टच्या कॉईलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण दीड ओहम असतो, बारावाल्या साध्या कॉईलचा तीनच्या आसपास. अल्टरनेटर चौदा व्होल्ट देतो. म्हणजे पॉइंट मिटले की दीड ओहममधून नऊ अँपिअर जायला बघतात. पॉइंट भाजतात, कॉईल आतून तापते, ठिणगी मरते. निवली की परत जिवंत. दोन्ही वायरी काढून मल्टिमीटरने मोजा. आणि कॉईलला हात लावा, पण जपून.
आता खरं सांगा. गाडी बंद पडली की तुम्ही दोघं किल्ली चालूच ठेवून भांडता ना?

दहानंबरी पाना
...हो. तुम्हाला कसं कळलं?

जुनं खोड
इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले आणि किल्ली चालू असली, तर करंट सलग वाहत राहतो. चालू गाडीत पॉइंट उघडझाप करतात, तेवढी तरी उसंत मिळते. भांडण जितकं लांबेल तितकी कॉईल भाजेल. आधी किल्ली बंद करा, मग भांडा.

सायलेन्सर
हे वाक्य आमच्या घरी फ्रेम करून लावतो.

ठिणगी
मी म्हटलं होतं इग्निशनच आहे.

वंगण
तुम्ही सगळं फेका म्हणाला होता.

बोनेटकाका
तरी चिमटे लावून बघायला हरकत नव्हती.

दहानंबरी पाना
मोजली. १.४ ओहम. काल रात्री बंद पडल्यावर हात लावला तर क्षणभरही ठेवता येईना, आणि वरच्या टोपणाच्या कडेने काळपट तेल पाझरलेलं. बाबांनी ते बोटावर घेतलं, वास घेतला, आणि काहीच बोलले नाहीत. त्यांनीच पॉलिश केलेली ना. आता विचारतायत, मध्ये बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा रोध) घालून हीच ठेवता येईल का?

जुनं खोड
धडधाकट असती तर हो. दीड ओहमचा बॅलास्ट मालिकेत जोडला की भागतं, फक्त तोही तापतो म्हणून पत्र्यावर मोकळ्या हवेत बसवायचा. पण तेल गळलेली कॉईल गेली असं समजा. तीन ओहमची बारा व्होल्टची घ्या, तिला वेगळा बॅलास्ट लावू नका, नाहीतर ठिणगी उगाच अशक्त होईल. सोबत नवे पॉइंट. वडिलांना सांगा, चूक मोठी नाही, मीही केलीय.

दहानंबरी पाना
अपडेट. नवी कॉईल, नवे पॉइंट. उभ्या जागी पंचवीस मिनिटं चालवली, दोघंही कॉईलवर हात ठेवून उभे. कोमट. मग बाहेर काढली, आणखी अर्धा तास. बंद पडली नाही. जुनी कॉईल बाबांनी फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवलीय, तिचं काय करणार ते विचारलं नाही. कार्बबद्दल म्हणतात, "घाण तर होताच की."
@वंगण, @जुनं खोड, खूप खूप आभार.
@किर्र, वळणावर बाबांनी हलत्या गाडीत पहिला टाकला. आवाज तुमच्या नावासारखाच आला. मी तिथेच गाडी थांबवायला लावून तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. किल्ली बंद करून.

किर्र
दात शाबूत असतील. गिअरऑइल कुठलं घातलंय?