आधी चांगलं पेलेट द्या, मग मनाबद्दल बोला (दहा मीटर एअर रायफल, नागपूर)

बर्डीवाला_रायफल

नागपुरातल्या रेंजवर एक वाक्य सतत कानावर पडतं: "पेलेट-बिलेट काही नसतं, सगळा खेळ डोक्याचा." पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची बारीक गोळी. एअर रायफलच्या बाबतीत मला हे मुळीच पटत नाही. का, ते आकड्यांत सांगतो.

रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा आणि पेलेट ४.५ मिमीचं. पेलेटची कड ठिपक्याला टेकली की १०.०. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडायला हवा. तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) एअर रायफल प्रकारात पात्रता फेरीसुद्धा दशांशात मोजतात, त्यामुळे हा पाव मिलिमीटर साठही शॉटना लागू.

आता रायफल क्लॅम्पमध्ये आवळा, माणूस बाजूला ठेवा आणि एकाच डब्यातले दहा शॉट मारा. भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, १२ मिमी आला, तर सगळ्यात लांबचं पेलेट मध्यापासून पावणेचार मिमीवर गेलं. तो शॉट ९.५. ग्रुप ७ मिमीचा आला, तर लांबचं पेलेटही सव्वा मिमीवर, म्हणजे १०.५. रायफल तीच, नळी तीच, फक्त डबा वेगळा.

पहिल्या डब्यावर शिकणाऱ्या पोरीने होल्ड, श्वास, ट्रिगर सगळं नीट केलं तरी स्क्रीनवर ९.५ दिसतो आणि मागून आवाज येतो, "लक्ष कुठे आहे?" मग ती जे बरोबर होतं तेच बदलायला घेते. आज कोपर, उद्या गालाची जागा, परवा ट्रिगरचं वजन. चांगली घडत आलेली पोरं यात बिघडतात, याचा मला मनापासून राग येतो.

अभिनव बिंद्रांचं २००४ चं अथेन्स आठवा. ५९७ मारून तिसऱ्या क्रमांकाने फायनलला गेले आणि सातवे आले. त्यांच्या लेनमध्ये पायाखालची फरशी सैल होती हे नंतर कळलं. तोवर दोष कोणाला दिला असेल? मनालाच.

मानकापूर_लेन

भाऊ, गणित बरोबर आहे, पण अर्धंच मांडलंत.

शिकणाऱ्या पोराचा स्वतःचा ग्रुप, मध्य ते मध्य, ३० मिमी धरा आणि पेलेटचा, तसाच मोजून, साडेसात (तुमच्या १२ मधून पेलेटचे ४.५ वजा). दोन्ही मिळून साडेसदतीस होत नाही. अशा चुका वर्गाने जुळतात (दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ), म्हणजे होतो साधारण ३१. जगातलं सगळ्यात भारी पेलेट आणलं तर ३१ चा ३० होईल. एका मिलिमीटरसाठी आईबापाला महागड्या डब्यांच्या खर्चात घालायचं?

मी रोज काय पाहतो ते सांगतो. पोरगं रायफल लावतं. पाचव्या-सहाव्या सेकंदाला चित्र थांबतं, अगदी सुरेख थांबतं. तेव्हा ते सोडत नाही, कारण त्याला याहून चांगलं हवं असतं. दहावं सेकंद उलटतं, श्वास पुरत नाही, डोळ्यात जुनंच चित्र राहतं, आणि नेमकं तेव्हा बोट ओढलं जातं. ९.१. लगेच नजर जाते पेलेटच्या डब्याकडे. रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायला हिंमत लागते. ती कुठल्या डब्यात मिळत नाही.

तुम्ही अथेन्स सांगितलंत, मी २००८ चं बीजिंग सांगतो. शेवटच्या शॉटआधी बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्रांनी १०.८ मारला, हॅकिनेनने ९.७, आणि तो थेट कांस्यावर घसरला. ऑलिम्पिक फायनलला कोणी न तपासलेलं पेलेट घेऊन येत नाही. त्या १.१ गुणांचं उत्तर पेलेटमध्ये शोधून दाखवा.

त्रिमूर्तीनगरची_आई

दोघंही बरोबरच बोलून राहिले असाल जी, पण डबा विकत आम्ही आणतो म्हणून विचारते.

एका डब्यात ५०० पेलेट. मुलगी रोज ऐंशी-शंभर मारते, म्हणजे डबा आठवडाही पुरत नाही. बाहेरदेशी मॅच पेलेटचा डबा साध्या डब्याच्या कितीतरी पट महाग. त्यातही इथे हवं ते मिळत नाही, मुंबई-पुण्याहून मागवावं लागतं. कुरिअरने आलेला डबा उघडला की तळाशी करडी भुकटी असते आणि काही पेलेटची मागची पातळ कड चेपलेली असते. मी खिडकीच्या काचेचा एक तुकडा ठेवला आहे. त्यावर पेलेट आडवं ठेवून हळूच घरंगळू देते. चांगलं असेल तर एका वळणाने सफाईने जातं, चेपलेलं असेल तर डगमगत जातं. डगमगणारी वेगळ्या डबीत टाकते. संध्याकाळी स्वयंपाकाआधी हेच काम.

आणि मनाचं म्हणाल तर मे महिन्यात ४५ डिग्रीत ते जाड जॅकेट आणि पँट घालून सव्वा तास उभं राहायचं, कूलरची हवा लेनपर्यंत पोचत नाही, मध्येच लाइट जाते. एवढं सोसणाऱ्या पोरीला "मन कच्चं आहे" म्हटलेलं मला आवडत नाही.

प्रश्न एवढाच: सरावाला साधं आणि मॅचला चांगलं, असं चालेल का?

सदर_पिस्तूल

तुम्ही सगळे रायफलचं बोलून राहिले. पिस्तुलात हा वाद मला लहान वाटतो. आमचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि ०.१ ला ०.८ मिमी. बर्डीवाल्या भाऊंचा १२ मिमीचा ग्रुप पिस्तुलाच्या टार्गेटवर टाका, सगळ्यात लांबचं पेलेटही १०.५ देतं. आमच्याकडे पेलेटमुळे कोणाचा नऊ लागला यावर माझा विश्वास बसत नाही. एका हाताने पिस्तूल धरलेलं असतं, मनगट सैल पडलं की सात लागतो. पिस्तुलात मन आणि मनगट, बाकी सगळं मागून.

मनू भाकर टोकियोत फायनलला हुकली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये २२१.७ मारून कांस्य घेऊन आली. तिच्यात काय बदललं, पेलेट?

बर्डीवाला_रायफल

टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनूचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर थांबली. ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. वस्तूने दगा दिला होता.

मानकापूर सर, तुमचं वर्गाचं गणित मान्य. आता तेच पुढे न्या. पोरीचा ग्रुप मेहनतीने ३० वरून १२ वर आला आणि पेलेटचा साडेसातच राहिला, तर एकूण होतो १४. म्हणजे ती जितकी सुधारेल तितकं पेलेट तिला जास्त मागे खेचणार. ३० वरून २० वर येताना स्कोअर भराभर वाढतो, नंतर अडकतो. याच टप्प्यावर पोरं कंटाळून सोडतात. "डोकं चालत नाही याचं" हे प्रमाणपत्र त्यांना तेव्हाच मिळतं.

माझा मूळ मुद्दा गुणांचाही नाही. शॉट सुटताक्षणी नेमबाजाला कळायला हवं की हा कुठे गेला. स्क्रीन बघायच्या आधी तिने मनात म्हणायचं, "उजवीकडे, जरा खाली." स्क्रीनवर तेच दिसलं तर ती शिकली. पेलेटच इकडेतिकडे जात असेल तर तिचा अंदाज बरोबर असूनही चूक ठरतो, आणि हळूहळू ती स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास सोडते. तुम्ही ज्याला मन म्हणता ते याच विश्वासातून तयार होतं. म्हणून पेलेट आधी.

वर्धा_रोड_५८

बर्डीवाल्यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पाठिंबा, पण यासाठी भांडायची गरज नाही, तपासता येतं. कोणाकडे स्कॅट (नेमाचा माग काढणारं यंत्र) असेल तर लावा. ट्रिगर सुटताना नेम कुठे होता ते त्याच्या रेषेवर दिसतं. रेष १०.६ दाखवत असताना भोक ९.४ ला पडत असेल, आणि असं वारंवार होत असेल, तर पेलेट किंवा रायफल तपासा. रेषच ९.४ ला असेल तर ट्रिगरवर काम करा.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चालेल, पण मॅचच्या दिवशी पहिल्यांदा डबा फोडू नका. दुसऱ्या पेलेटने मार लागायची जागा सरकते, साइट पुन्हा बसवावी लागते. स्पर्धेआधीचे काही दिवस मॅचच्याच डब्यावर सराव ठेवा. घेताना डब्यावरचा हेड साइज बघा, ४.४९, ४.५० असा लिहिलेला असतो. दुसऱ्याच्या रायफलला जो चालतो तो तुमच्या नळीला चालेलच असं नाही. एक साइज आवडला तर त्याच लॉटचे दोन-तीन डबे एकदम घ्या, पुढच्या लॉटचा भरवसा नसतो. तराजूवर एकेक पेलेट तोलत बसू नका, या टप्प्यावर त्यातून काही हाती लागत नाही. काचेचं काम मात्र चालू ठेवा.

मानकापूर_लेन

अंदाजाचा मुद्दा बर्डीवाल्यांनी नीट मांडला. तेवढ्यापुरतं मी मान्य करतो: चेपलेल्या, ओळखपाळख नसलेल्या पेलेटवर शॉट कॉल करायला शिकवता येत नाही.

पण "पेलेट आधी" मी म्हणणार नाही. माझ्याकडे नवीन येणारी मुलं पहिले काही आठवडे पेलेटच घालत नाहीत. नुसतं ड्राय फायर, पांढऱ्या भिंतीसमोर. टार्गेट नाही, स्कोअर नाही, बोट आणि श्वास एवढंच. त्याला खर्च शून्य. नागपुरात पैशाअभावी खेळ सोडणारी पोरं पाहिलेली आहेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो. आधी पेलेट म्हटलं की गरिबाचं पोरगं दारातूनच परत जातं. बर्डीवाल्या भाऊ, याचं उत्तर तुमच्या आकड्यांत नाही.

पिस्तूलवाल्यांना एकच: ०.८ मिमी आहे म्हणून कड चेपलेलं पेलेट भरू नका. ते १२ मिमीच्या ग्रुपमध्ये राहीलच याची हमी नाही.

बर्डीवाला_रायफल

गरिबाच्या पोराचं म्हणालात, तर रेंजने मिळून एका लॉटचे डबे घ्यावेत, क्लॅम्पवर तपासावेत आणि मुलांना सुटे शंभर-शंभर द्यावेत. पन्नास मुलांनी पन्नास वेगवेगळे डबे मागवण्यापेक्षा स्वस्त पडेल. ड्राय फायरला माझा विरोध कधीच नव्हता. ज्या दिवशी पहिलं पेलेट नळीत जाईल, त्या दिवसापासूनचं मी बोलतो आहे.

त्रिमूर्तीनगरची_आई

मानकापूर सर, क्लॅम्प तुमच्याकडे आहे न? आमच्याकडे तीन वेगळे डबे अर्धे अर्धे पडून आहेत. एकदा तपासून द्याल का?

मानकापूर_लेन

आणा ताई. रविवारी सकाळी आठच्या आत या, नंतर ऊन सोसवत नाही. तिन्ही डबे आणि तिची रायफल, प्रत्येक डब्याचे दहा-दहा शॉट मारू, कागदी टार्गेटवर, म्हणजे मोजून घरी नेता येतील. मुलीलाही आणा, तिने स्वतः मोजायचं. बर्डीवाल्या भाऊ, तुम्हीपण या, कॅलिपर घेऊन. आणि ताई, ती काचेवरची निवड झाली की साबणाने हात धुवा आणि मगच स्वयंपाकाला लागा, शिसं आहे ते.