सार्वजनिक इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देण्याआधी पांढऱ्या काठीची चाचणी सक्तीची असावी का?

रानजाई (धागालेखिका)

आमच्या तालुक्याच्या गावी नवी प्रशासकीय इमारत उभी राहिली आहे. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, म्हणजे नळीतून पाहावे तसे समोरचे थोडे दिसते, बाजूचे दिसत नाही, आणि उजेड कमी झाला की तेवढेही दिसेनासे होते. फेरफाराच्या नोंदीसाठी त्या इमारतीत मला तीन वेळा जावे लागले. फाटकापासून उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्यांची पट्टी सुरू होते, आणि पहिल्या दिवशी ती पाहून मला खरोखर आनंद झाला होता. ती पट्टी पोर्चपर्यंत येते आणि तिथल्या खांबाला जाऊन भिडते. त्यापुढे चकाकता ग्रॅनाइट आहे, आणि त्याच ग्रॅनाइटच्या पायऱ्या असल्यामुळे एक पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते मला कळत नाही. आत लांब, अंधारा बोळ आहे आणि खोल्यांच्या पाट्या दारांच्या माथ्यावर लावल्या आहेत. लिफ्टच्या बटणांवर ब्रेल आहे, परंतु लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबली हे ती बोलून सांगत नाही.

कागदावर मात्र ही इमारत सुगम्य आहे, आणि माझे दुखणे नेमके हेच आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाची परवानगी मिळू नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही मिळू नये. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींनाही पाच वर्षांची मुदत घातली होती. नियम 15 जून 2017 रोजी अधिसूचित झाले, तेव्हापासून मोजले तर ती मुदत 2022 मध्येच संपली. राजीव रतूडी या दृष्टिबाधित कार्यकर्त्यांनी 2005 साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल आला आणि त्यात न्यायालयाने 2017 च्या नियमांतील नियम 15 मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती करतो आणि त्या नियमातली मानके मात्र केवळ मार्गदर्शक राहतात.

माझा प्रस्ताव असा आहे. दाखला देण्याआधी एका पूर्ण दृष्टिहीन आणि एका अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीने फाटकापासून खिडकीपर्यंत, तिथून शौचालयापर्यंत आणि परत बाहेर, कोणालाही न विचारता जावे. त्यांचे पाऊल जिथे अडेल, तिथले काम अपूर्ण समजावे. आपले मत काय?

ओळंबा

मी सार्वजनिक बांधकामाच्या क्षेत्रातून अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. आपला त्रास खरा आहे, परंतु उपाय मला मान्य नाही. जे मोजता येत नाही त्यावर दाखला अडवू नये. ज्याला काठीने चालण्याचे उत्तम प्रशिक्षण मिळाले आहे तो सदोष इमारतीतूनही वाट काढील, आणि ज्याची दृष्टी महिन्यापूर्वी गेली आहे तो निर्दोष इमारतीतही अडखळेल. मग इमारत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे चालणाऱ्यावर ठरणार का? उद्या ठेकेदार न्यायालयात गेला तर तिथे अशी चाचणी क्षणभरही टिकणार नाही. उलट फरशीच्या उंचवट्याची उंची, पायरीच्या कडेच्या पट्टीची रुंदी, पाटीची जमिनीपासूनची उंची, बोळातला उजेड हे सारे मोजता येते. ते मोजा, आणि कमी भरले तर देयक अडवा.

दुसरे असे की सगळीकडे उंचवट्यांच्या फरश्या बसवा म्हणणाऱ्यांनी चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनाही विचारावे. त्या फरश्यांवरून जाताना त्यांना हिसके बसतात.

आवक-जावक

मी एका कार्यालयात लिपिक आहे. आमच्याकडे दृष्टिहीन व्यक्ती आली की शिपाई स्वतः उठतो, तिला हाताला धरून साहेबांपर्यंत नेतो, रांगेत थांबवत नाही. जे काम माणूस आपुलकीने करतो ते फरशी करू शकणार नाही. आमच्या इमारतीचे छत पावसाळ्यात गळते आणि दप्तर भिजते. जो थोडा निधी येतो तो आधी कशावर खर्च करावा, याचाही विचार व्हावा.

सहा ठिपके

मी जन्मापासून पूर्ण दृष्टिहीन आहे आणि वीस वर्षे नोकरी करत आहे. या चर्चेत मी कोणाच्याच बाजूने पूर्णपणे उभा राहू शकत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आवक-जावक यांच्या शिपायाबद्दल मला आदर आहे. परंतु तो शिपाई जेवायला गेला असेल तर मी काय करावे? मला शौचालयात जायचे असेल तर दरवेळी अनोळखी माणसाला तसे सांगावे का? वडिलांच्या इस्टेटीचा वाद असेल, माझ्याच एखाद्या नातेवाइकाविरुद्ध तक्रार द्यायची असेल, तर मी कोणत्या खिडकीशी गेलो हे साऱ्या कार्यालयाला कळावे का? मदत मला हवीच आहे, परंतु मी मागेन तेव्हा. आणि हाताला धरून ओढत नेण्याऐवजी आपला कोपर पुढे करावा, म्हणजे मी तो धरून अर्धे पाऊल मागून चालतो आणि पायरी आली हे मला आपल्या हालचालीवरून समजते. एवढे शिकवायला निधी लागत नाही.

आता रानजाई यांच्याशी माझा मतभेद. आपल्याकडे सुगम्यता म्हणजे पिवळ्या फरश्या असे समीकरण झाले आहे आणि ते मला घातक वाटते. या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 साली तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. जिथे भिंत नाही, कड नाही, अशा उघड्या जागी धोका कळावा आणि दिशा सापडावी हा त्यांचा उपयोग आहे. आज लांब पट्ट्यांची फरशी ‘पुढे चला’ सांगते आणि गोल ठिपक्यांची ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ असे सांगते. मी कितीतरी आवारांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठिपकेच बसवलेले अनुभवले आहेत. पावलोपावली ‘थांबा’ म्हणणाऱ्या वाटेवर खरे थांबायचे ठिकाण ओळखायचे कसे?

बोळात तर मला फरशीची गरजच नसते. भिंतीच्या कडेने काठी चालते आणि दारे मोजता येतात. मला जखमा होतात त्या जमिनीला न टेकणाऱ्या वस्तूंमुळे. काठी खालचे सांगते, छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवरचे तिला कळत नाही. बाहेर उघडणारे खिडकीचे तावदान, भिंतीवर पुढे आलेला एसीचा खोका, सूचनापेटीचा लोखंडी कोपरा, आणि सर्वांत वाईट म्हणजे जिन्याखालची मोकळी जागा. तिथे काठी बिनदिक्कत पुढे जाते आणि कपाळ जिन्याच्या खालच्या अंगावर आदळते. तिथे एक कठडा घालायला किती खर्च येतो? ओळंबा यांच्या मोजपट्टीत फरशीची उंची येईल, परंतु हे खोके इमारत पूर्ण झाल्यावर दुसराच विभाग येऊन बसवतो. ते चालूनच कळतात.

रानजाई

सहा ठिपके यांचे बरेचसे म्हणणे मला पटले, परंतु एक गोष्ट त्यांच्या अनुभवात येत नाही. दृष्टिबाधितांमध्ये पूर्ण अंध थोडे आणि अल्पदृष्टी असलेले पुष्कळ असतात. माझ्यासारखीला पिवळा रंग हाच आधार असतो. संगमरवराला शोभत नाहीत म्हणून त्याच रंगाच्या करड्या फरश्या बसवलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या मला दिसतही नाहीत. पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला जाड खूण, चकाकी नसलेली जमीन आणि बोळात पुरेसा दिवा, एवढ्यावर माझे काम भागते. म्हणूनच चाचणीला दोन व्यक्ती असाव्यात असे मी म्हटले. एकाची अडचण दुसऱ्याला कळत नाही, हे आपल्या दोघांच्या मतभेदातूनच दिसते.

आवक-जावक यांच्या गळक्या छताचा प्रश्न मी हलका मानत नाही. परंतु हा धागा नव्या इमारतींविषयी आहे. तिथे पाटी माथ्यावर लावा किंवा हाताच्या उंचीला दाराशेजारी लावा, खर्च तोच येतो.

जुना वाडा

नव्या इमारतींचे ठीक आहे, परंतु कायदा जुन्यांनाही लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत 1878 सालची आहे. अशा वास्तूंच्या जमिनी उकरून पिवळ्या पट्ट्या बसवायच्या का? वारसा एकदा बिघडला की तो परत येत नाही, म्हणून अशा वास्तूंना सरसकट सूट असावी.

सहा ठिपके

सरसकट सूट नको. न्यायालयात पक्षकार म्हणून मीही येऊ शकतो. जमीन उकरू नका. दाराशेजारी ब्रेल आणि मोठ्या उठावदार अक्षरांची पाटी, पायऱ्यांना सलग कठडा, आणि प्रवेशापाशी हाताने वाचता येणारा नकाशा यांनी दगडाला धक्का लागत नाही.

ओळंबा

जमिनीला न टेकणाऱ्या वस्तूंचा मुद्दा मी इतक्या वर्षांत कोणत्याही अंदाजपत्रकात वाचला नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. खांबाला भिडणारी पट्टीही मला समजते. फरशीवाला नकाशा पाहून सरळ रेघ ओढतो, तो खांब त्याच्या कामात मोडत नाही आणि दोन्ही कामांना जोडणारा कोणी नसतो. माझी भूमिका मी थोडी बदलतो. मोजमाप आधी व्हावे आणि चालून पाहण्याची चाचणी त्यानंतर व्हावी. त्यात निघालेले दोष ठेकेदाराने दोषदायित्वाच्या कालावधीत, म्हणजे काम संपल्यानंतरही दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते त्या मुदतीत, दुरुस्त करावेत आणि तोवर त्याची अनामत रक्कम सोडू नये. मात्र दाखलाच अडवण्याला माझा विरोध कायम आहे. इमारत कुलूपबंद राहिली तर साऱ्या तालुक्याची कामे खोळंबतील.

रानजाई

तालुक्याची कामे खोळंबू नयेत म्हणून इमारत उघडायची आणि आमची कामे खोळंबली तरी ती उघडीच ठेवायची, हे मला न्याय्य वाटत नाही. कायद्याने दाखल्याचीच अट घातली आहे, अनामतीची नाही. त्यामुळे या मुद्द्यावर आपण सहमत होणार नाही असे दिसते.

तरीही अनामतीची वाट माझ्या उपयोगाची आहे. आमच्या इमारतीच्या दोषदायित्वाचा कालावधी अजून संपलेला नाही. मी येत्या सोमवारी लेखी अर्ज देणार आहे. ओळंबा, त्यात कोणती मापे मागावीत हे आपण लिहून द्याल का? आणि सहा ठिपके, पाहणी ठरली तर आपण याल का?

ओळंबा

आज रात्री लिहून पाठवतो.

सहा ठिपके

येतो. परंतु तो खांब डावीकडे आहे की उजवीकडे, हे मला आधी सांगू नका.