मेळावा आमच्या कुळागरात, पण बाहेरच्या कुंड्या आत घ्याव्यात का?

कुळागरवाली, फोंडा
नमस्कार मंडळी. आमच्या झाडवेड्या गटाचा या खेपेचा मेळावा आमच्याकडे आहे, चवथ झाल्यावरच्या दुसऱ्या रविवारी. तीसेक माणसं येतील. म्हापसा, मडगाव, बेळगाव, शिवाय सावंतवाडीचं एक जोडपं.

कुळागर, म्हणजे सुपारीची मिश्र बाग, सासऱ्यांचं. वर माड, खाली पोफळी, पोफळींवर मिरवेली, मध्ये केळी नि जायफळ. त्या सावलीत मी माझी शोभेची झाडं, हेलिकोनिया, अँथुरियम, कॅलेथिया, घुसवत गेले. आता पाटाच्या दोन्ही कडा हेलिकोनियांनी भरल्यात आणि शिंजीर, ते मध पिणारे चिमुकले पक्षी, सकाळपासून तिथेच असतात.

अडचण अशी. गटाची रीत आहे की प्रत्येकाने एक रोप आणायचं आणि चिठ्ठी टाकून दुसऱ्याचं न्यायचं. काल जेवताना सासऱ्यांनी सांगून टाकलं, बाहेरच्या मातीची कुंडी फाटकाच्या आत येणार नाही. त्यांना कोळेरोगाची, पावसात बुरशीने सुपाऱ्या कुजून गळतात त्याची, धास्ती. पाऊस लागायच्या आधी बोर्डो मिश्रण (मोरचूद नि चुन्याचं बुरशीनाशक) मारून घेतलं, मग मध्ये उघडीप बघून पुन्हा एकदा, आणि पोफळीवर चढणारा माणूस मिळवायचा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या बागेत आफ्रिकन गोगलगाईही दिसल्यात. त्यांचं मला पटतं. पण बेळगावहून मांडीवर कुंडी घेऊन आलेल्या बाईला दारात कसं अडवू?

दुसरं, सगळ्यांना हेलिकोनियाचे गड्डे द्यायचेत. सप्टेंबरात काढले तर चालतील ना?

निवृत्त कृषी सहायक, कुडाळ
ताई, सासऱ्यांचं म्हणणं बरोबर, कारण मात्र अर्धंच. कोळेरोग मुख्यतः पावसाच्या तुषारांनी आणि वाऱ्याने पसरतो, गळून पडलेल्या रोगट सुपाऱ्यांवरून. त्या वेचून बागेबाहेर काढल्यात तर निम्मं काम झालं. कुंडीतल्या मातीचा खरा धोका तुमच्या मिरवेलींना. मिरीची मर, म्हणजे वेल सुकून मरण्याचा रोग, आणणारी बुरशी कोळेरोगाच्या बुरशीच्याच कुळातली, फायटोफ्थोरा, आणि ती मातीतून, पाण्यातून, चिखलाच्या चपलांतूनही येते. पाटाच्या वरच्या अंगाला ती पडली तर पाणी खालपर्यंत नेऊन पोचवेल. त्यामुळे ज्यांची स्वतःची मिरीची बाग आहे त्यांना फाटकावर चपला धुवायला लावाच.

गोगलगाय तर कुंडीतूनच गावोगाव फिरते. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, तिथून ती देशभर झाली. वरून कुंडी स्वच्छ दिसते, अंडी मातीत पुरलेली असतात, पिवळट पांढरी, एका घोसात शंभराच्या वर. सापडली तर उघड्या हाताने उचलू नका, हातमोजे घाला आणि मिठाच्या पाण्यात टाका. घरात कुत्रा असेल तर गोगलगाईंच्या विषारी गोळ्या अजिबात पसरू नका.

गच्चीवाला, म्हापसा
मुळं धुवून आणा असं सांगून मोकळ्या व्हा. अँथुरियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा यांना माती धुतल्याचं काही वाटत नाही, रानात ती झाडांच्या खोडांवर चढूनच वाढतात. कॅलेथिया मात्र रुसते. ती कुणी आणू नये.

आणि पानं उलटून बघा! माझ्याकडे एका रोपवाटिकेतून आलेल्या केळीबरोबर चक्राकार पांढरी माशी आली. पानामागे पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी, खालच्या पानांवर चिकटा, मग काळी बुरशी. ही माशी आपल्याकडे पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या माडांवर सापडली. तुमच्या डोक्यावर तर माडच माड आहेत.

हेलिकोनियावेडा, बेळगाव
सप्टेंबर उत्तम. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो देऊ नका. कडेचा, दोनतीन कोवळे कोंब असलेला गड्डा धारदार कुदळीने तोडा. दांडे वीतभर ठेवून छाटा, मुळं धुवा, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सावलीत निथळू द्या आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. सगळं आदल्या संध्याकाळी करून ठेवा. मेळाव्याच्या सकाळी कुदळ हातात घेतलीत तर पाहुणे तुमच्याभोवती कोंडाळं करून पोफळीची मुळं तुडवतील. गटात नवी माणसं असतात, त्यांना दांड्यावर फुलाचा रंग लिहून द्या, नाहीतर नंतर वर्षभर फोन येतात.

मांडीवर कुंडी आणणारी बाई आमच्या घरातलीच. तिला निरोप पोचवतो.

कुळागरवाली, फोंडा
आभार सगळ्यांचे. कुडाळच्या दादांचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. ‘अर्धंच’ला त्यांनी नाक मुरडलं, पण मिरीच्या मरीचं ऐकून गप्प बसले आणि आज सकाळी स्वतःच पडलेल्या सुपाऱ्या वेचायला निघाले.

ठरलं ते असं. अदलाबदल अंगणात, कुळागरात नाही. रोपं मुळं धुतलेली, ओल्या कागदात. कुणी मातीसकट आणलंच तर फाटकापाशी नळ आणि टब ठेवलाय, माती तिथल्याच पिंपात जाईल, तो गाळ मी नंतर उन्हात तापवून रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात पुरेन. पाने उलटून बघायचं काम गच्चीवाल्यांकडे, त्यांनीच ते ओढवून घेतलंय. कुळागरात पाचसहा जणांच्या टोळ्या करून जायचं, पुढे सासरे. माडाखाली कुणी फोटो काढत थांबायचं नाही, नारळ विचारून पडत नाही.

जेवायला खतखतं आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. बेळगावकरांनी येताना वहिनींना कॅलेथिया घरीच ठेवायला सांगावं.

हेलिकोनियावेडा, बेळगाव
सांगितलं. आता ती फर्न आणते म्हणतेय. फर्नची मुळं धुवून चालतात का हो कुणाला ठाऊक?