शब्दचर्चा : 'त्वचा-परिणाम' की 'पृष्ठ-परिणाम'?

प्रश्न : स्किन इफेक्टला, म्हणजे एसी प्रवाह वाहकाच्या बाहेरच्या थरात एकवटण्याला, मराठीत दोन्ही शब्द दिसतात. त्यांच्या अर्थामध्ये फरक पडतो का?

उत्तर : पडतो. 'पृष्ठ' म्हटलं की एसी प्रवाह फक्त वरच्या पापुद्र्यातून वाहतो असं वाटतं. त्वचेला जाडी असते, आणि इथे सगळं त्या जाडीवरच आहे. तांब्यात ५० हर्ट्‌झला ती सुमारे ९.३ मिमी, १० किलोहर्ट्‌झला ०.६६ मिमी. वारंवारता शंभरपट झाली की ही जाडी दहा पटींनी घटते. घरच्या वायरी ९.३ मिमीपेक्षा खूप बारीक, म्हणून तिथे हा परिणाम जाणवत नाही, जाड बसबारमध्ये (मोठा प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्टीत) जाणवतो.

या जाडीला, म्हणजे 'स्किन डेप्थ'ला, 'त्वचा-खोली' म्हणा. मात्र तिथे प्रवाह संपत नाही. जाड वाहकात तेवढ्या खोलीवर प्रवाहघनता पृष्ठभागाच्या ३७ टक्के उरते आणि तिची कलाही (फेज) मागे पडते.

प्रश्न : वर्गात दाखवायचं कसं?

उत्तर : तांब्याचा २ मीटर पाइप घ्या, बाहेरून १५ मिमी, भिंत १ मिमी. आत ८ मिमीची तांब्याची सळी, हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी इन्सुलेशनची नळी) चढवून बरोबर मध्यभागी. दोन्ही टोकांना पाइप आणि सळी एकमेकांना जोडा. एका टोकाला सळी जरा बाहेर काढून तिच्यावर करंट प्रोब (तिच्यातला प्रवाह मोजणारं साधन) बसवा. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचा रोध सिरीजमध्ये लावून २ अँपिअर सोडा. ५० हर्ट्‌झला निम्म्याहून किंचित जास्त प्रवाह सळीतून जातो, १ किलोहर्ट्‌झला साधारण एक तृतीयांश, १० किलोहर्ट्‌झला पाच टक्क्यांच्या आसपास. ऑसिलोस्कोपवर एकूण प्रवाहही लावलात तर सळीतला प्रवाह मागे सरकलेला दिसतो.

सांधे ब्रेझच करा (वितळलेल्या धातूने जोडा). पाइपचा रोध मीटरला जेमतेम ०.४ मिलिओहम, ढिला लग (स्क्रूने आवळायचं टोक) त्याहून जास्त रोध घालतो आणि ५० हर्ट्‌झचं वाचनच बिघडतं. साधा क्लॅम्प मीटर नको, तो ५०-६० हर्ट्‌झसाठी असतो. प्रोब १०० किलोहर्ट्‌झपर्यंतचा हवा.

पुरवणी : परतीची तार पाइपला चिकटवू नका, फूटभर लांब ठेवा. जवळ असली की प्रवाह पाइपच्या त्या बाजूला गोळा होतो. तो 'समीपता-परिणाम'. मराठी टिपणांत हे दोन्ही 'त्वचा-परिणाम' म्हणूनच खपतात, ते टाळायला हवं.