टार्गेट पूर्ण होते, पण करिअर जागेवरच आहे: विक्रीच्या कामात स्वतःसाठी वेळ कसा राखावा?

प्रश्न – वाटसरू

मी कंपन्यांना औद्योगिक उपकरणे विकण्याचे काम करतो. काही वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, बहुतेक तिमाहींत टार्गेट पूर्ण होते आणि वरिष्ठांची माझ्याविषयी तक्रार नाही. तरीही प्रमुख ग्राहकांची जबाबदारी असलेल्या पदावर जायचे आणि पुढे एखाद्या विभागाची विक्री स्वतंत्रपणे सांभाळायची, असे जे मी ठरवले होते, त्या दिशेने काही घडताना दिसत नाही.

दिवसाची सुरुवात यादीने होते. पहिल्याच तासात कोणाचा तरी माल पोहोचलेला नसतो, कोणाला दरपत्रकातील एक ओळ बदलून हवी असते, तर कोणाला वितरणाची तारीख लेखी हवी असते. दुपारनंतर अहवाल आणि मीटिंग. संध्याकाळी यादीत जे उरते ते नेहमी सारखेच असते: नव्या ग्राहकांना करायचे फोन आणि स्वतःचा अभ्यास. महिन्याचा शेवटचा आठवडा तर हातघाईचा असतो, त्यामुळे त्या दिवसांत उद्दिष्टांचा विचारही शिवत नाही.

वेळेच्या नियोजनाविषयी बरेच वाचले. तातडीच्या आणि महत्त्वाच्या कामांचे चार चौकोन, २५ मिनिटांचे टप्पे वगैरे पद्धती टेबलाशी बसून काम करणाऱ्याला उपयोगी पडत असतील, पण ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या फोनवर चालतो त्याने काय करावे? आणि रोजचे टार्गेट न सोडता दूरचे उद्दिष्ट नजरेसमोर कसे ठेवावे? ज्यांनी विक्रीत प्रत्यक्ष काम केले आहे त्यांची मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद १ – आकडेमोड

चार चौकोनांविषयीचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. ती विभागणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधील एका भाषणात दुसऱ्याचे वचन म्हणून एवढेच सांगितले होते की, तातडीच्या गोष्टी महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या गोष्टी कधीच तातडीच्या नसतात. विक्रीत हे गणित बसत नाही, कारण ज्या ग्राहकाचे यंत्र बंद पडले आहे त्याचा फोन तातडीचाही असतो आणि महत्त्वाचाही. आपल्या कामात खरा भेद वेगळा आहे, तो म्हणजे कोणत्या कामाचे फळ आज दिसते आणि कोणत्या कामाचे तीन महिन्यांनी. पहिल्या प्रकारचे काम स्वतःहून दार ठोठावते, दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी मात्र कोणीही फोन करत नाही.

तुमची महिनाअखेरची हातघाई याच भेदातून येते. पहिल्या संभाषणापासून ऑर्डर हातात येईपर्यंत साधारण तीन महिने लागत असतील, तर या महिन्यात जी ओढाताण होते आहे तिचे मूळ तीन महिन्यांपूर्वी न केलेल्या फोनमध्ये आहे. या महिन्याच्या अखेरीस कितीही धावपळ केली तरी तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच होते, शिवाय त्या धावपळीत पुढच्या तिमाहीचे फोनही राहून जातात. पॉल ऑयर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की, अमेरिकेतील उत्पादक कंपन्यांची विक्री आर्थिक वर्षाच्या अखेरीस वाढते आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला घटते, आणि याचा संबंध त्यांनी विक्रेत्यांच्या व व्यवस्थापकांच्या मोबदल्याच्या रचनेशी जोडला होता. म्हणजे हा दोष तुमच्या एकट्याच्या स्वभावाचा नाही. टार्गेट ज्या तारखेला मोजले जाते त्या तारखेकडे सगळे काम सरकते.

यावर उपाय म्हणून दिवसाची यादी करण्याआधी महिन्याचा हिशेब कागदावर मांडावा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. महिन्याला २ ऑर्डर हव्या आहेत, ४ दरपत्रकांमागे १ ऑर्डर मिळते, २ भेटींमागे १ दरपत्रक जाते आणि ५ नव्या संभाषणांमागे १ भेट ठरते. म्हणजे ८ दरपत्रके, १६ भेटी आणि ८० संभाषणे. कामाचे २० दिवस धरले तर रोजची ४ संभाषणे होतात. आता तास मोजा. तयारीसह एका संभाषणाला पाव तास, प्रवासासह एका भेटीला २ तास आणि एका दरपत्रकाला ३ तास धरले, तर २० अधिक ३२ अधिक २४ मिळून ७६ तास होतात. महिन्याचे १६० तास धरले तर निम्म्याहून थोडे अधिक तास तक्रारी, अहवाल, मीटिंग आणि जुने ग्राहक यांच्यासाठी उरतात. तुमचे स्वतःचे आकडे घालून पाहा. बेरीज जर १६० च्या पुढे जात असेल, तर कोणतीही नियोजनाची पद्धत तुम्हाला वाचवू शकणार नाही आणि चर्चा टार्गेटविषयी किंवा ग्राहकांच्या संख्येविषयी व्हायला हवी.

बेरीज बसत असेल, तर ती ४ संभाषणे दिवसाच्या सुरुवातीला, ईमेल उघडण्यापूर्वी उरकावीत. एक तास पुरतो. त्या तासात आलेल्या फोनला तासाभराने उत्तर दिल्याने बहुतेक ग्राहकांचे काही बिघडत नाही. ज्यांचे खरोखर बिघडते असे दोन-तीन ग्राहक कोण आहेत, हे तुम्हाला आधीच ठाऊक असते, त्यांचे फोन जरूर घ्यावेत. सोफी लेरॉय यांनी २००९ मधील संशोधनात दाखवले आहे की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम खालावते. दरपत्रकातील ओळ बदलून लगेच एखाद्या अनोळखी व्यक्तीला फोन लावणाऱ्याला आपल्या आवाजात हे ऐकू येते.

प्रतिसाद २ – मोजके सौदे

वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे सगळी दरपत्रके सारख्याच मोलाची असतात. माझ्या मते विक्रेत्याचा सर्वांत जास्त वेळ फोन किंवा अहवाल खात नाहीत, तर कधीच न होणारे सौदे खातात. ज्यांचे भिजत घोंगडे दोन-दोन तिमाही पडून असते, ज्यांना दर आठवड्याला 'काय झाले?' म्हणून विचारले जाते आणि जे सभ्यपणापोटी 'पाहतो' म्हणत राहतात, त्या सौद्यांविषयी मी बोलतो आहे.

तुमच्या कंपनीच्या सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत) किंवा वहीत, जिथे नोंदी ठेवत असाल तिथे, शेऱ्यांचा रकाना एकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढा. 'ग्राहक सकारात्मक', 'पुढील आठवड्यात पुन्हा बोलू', 'वरिष्ठांशी चर्चा सुरू' असे शेरे ज्या ओळींत आहेत त्यांत ग्राहकाने काही करण्याचे कबूल केलेले नाही, सगळी हालचाल विक्रेत्याचीच आहे. याउलट 'खरेदी प्रमुख बुधवारपर्यंत तांत्रिक मंजुरीचे पत्र पाठवणार' हा शेरा असलेला सौदा जिवंत असतो, कारण त्यात कोण, काय आणि केव्हा हे तिन्ही आहे आणि काम ग्राहकाकडे आहे. पहिल्या प्रकारच्या प्रत्येक ग्राहकाला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: या खरेदीसाठी पैशांची तरतूद झाली आहे का, अंतिम सही कोणाची लागते, आणि ही खरेदी पुढे ढकलली तर त्यांचे नेमके काय अडते. तिसऱ्या प्रश्नाला 'तसे काही अडत नाही' असे उत्तर आले, तर तो सौदा यादीतून काढून सहा महिन्यांनंतरच्या तारखेवर टाकावा. नम्रपणे विचारले तर यात कोणी दुखावत नाही. उलट अनेकांना नकार देण्याची संधी मिळाल्याचे समाधान वाटते.

अडचण अशी आहे की, मोठी पाइपलाइन, म्हणजे चालू सौद्यांची यादी, पाहून साहेब खूश असतात आणि ती छाटली की बैठकीत भुवया उंचावतात. त्यामुळे छाटणी करण्याआधी साहेबांशी बोलून घ्यावे आणि ती तिमाहीच्या सुरुवातीला करावी. अखेरच्या आठवड्यात केलेली छाटणी सबब शोधल्यासारखी दिसते.

रोजच्या कोट्याविषयीही थोडे जपून. '४ संभाषणे' हा आकडा पूर्ण करणे हेच एकदा ध्येय झाले की माणूस जे फोन उचलतील त्यांनाच फोन करू लागतो, ज्यांना करायला हवेत त्यांना नाही. मी आकडा ठेवतो, पण कोणाला फोन करायचा त्यांची नावे आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवतो.

प्रतिसाद ३ – टीम सांभाळणारी

दोन्ही प्रतिसाद टार्गेटपुरते उत्तम आहेत. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मात्र तसाच राहिला, त्याविषयी लिहिते.

करिअरचे उद्दिष्ट हा सर्वांत लांब चालणारा सौदा आहे आणि त्यातला ग्राहक कधीच स्वतःहून फोन करत नाही. इतर सौद्यांना तुम्ही जी शिस्त लावता ती याला लावलेली नाही, एवढेच मला तुमच्या लिहिण्यात दिसते. 'प्रमुख ग्राहकांची जबाबदारी मिळावी' हा शेरा 'ग्राहक सकारात्मक' यासारखाच आहे. त्यात निर्णय कोण घेणार, कशावरून घेणार आणि पुढचे पाऊल कोणत्या तारखेला, यांपैकी काहीच नाही.

टीमची प्रमुख या नात्याने एक गोष्ट सांगते, जी विक्रेत्यांना सहसा उशिरा कळते. टार्गेट पूर्ण करणे ही त्या पदासाठीची पात्रता आहे, निवडीचे कारण नव्हे. मोठे ग्राहक सोपवताना आम्ही पाहतो ते वेगळेच असते: ग्राहकाच्या कंपनीत या माणसाची ओळख एकाशी आहे की चौघांशी, त्याचे अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांत किती अंतर पडते, तो रजेवर असताना त्याच्या नोंदी वाचून दुसऱ्याला काम पुढे नेता येते का. जो दर तिमाहीत अखेरच्या आठवड्यात किल्ला सर करतो त्याचे कौतुक होते, पण पुढची नियुक्ती बहुधा ज्याच्या आकड्यांवर विसंबून वरिष्ठांना शब्द देता येतो त्याला मिळते. म्हणून वर सुचवलेली छाटणी आणि रोजचा तास हे तुमच्या बढतीचेही काम आहे. त्यासाठी सगळा वेळ वेगळा काढावा लागत नाही.

जो थोडा वेळ वेगळा लागतो, त्यासाठी 'सवड मिळाली की' हा शब्दप्रयोग सोडून द्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले की, 'मी हे करीन' असा नुसता संकल्प करण्यापेक्षा 'अमुक वेळ किंवा प्रसंग आला की मी तमुक करीन' असे आधी ठरवून ठेवल्यास काम पार पडण्याची शक्यता वाढते. विक्रीत असे प्रसंग ठरलेले असतात, त्यांना आपले काम बांधून घ्यावे. ऑर्डर मिळाली किंवा हातची गेली की त्याच दिवशी कारणाच्या चार ओळी लिहायच्या. महिन्याचा हिशेब मिटला की नव्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळचे दोन तास आपल्या एखाद्या मोठ्या ग्राहकाचा धंदा समजून घेण्यासाठी राखायचे: त्यांचा वार्षिक अहवाल, त्यांचे ग्राहक, त्यांची अडचण. महिन्याचा पहिला आठवडा त्यातल्या त्यात निवांत असतो. शेवटच्या आठवड्यात अभ्यासाची वेळ ठरवणारा स्वतःलाच फसवतो.

एक शंका विचारते, राग नसावा. प्रमुख ग्राहक सांभाळणे आणि विभागाची विक्री पाहणे ही एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीत. दुसऱ्या कामात स्वतः विकण्याचे प्रमाण कमी होते, तर माणसे निवडणे, त्यांच्यासोबत ग्राहकांकडे जाणे आणि त्यांना सौदा गमावू देणे हे वाढते. अनेक उत्तम विक्रेत्यांना ते मुळीच रुचत नाही. दोन्ही हवे असेल तर हरकत नाही, पण येत्या वर्षापुरते एकच निवडा.

वाटसरू

सर्वांचे आभार. शेऱ्यांचा रकाना वाचला. निम्म्याहून अधिक ओळींत हालचाल माझीच आहे, हे मान्य करावे लागते. विभागप्रमुखाच्या कामाचे जे वर्णन वाचले त्यावरून सध्या तरी प्रमुख ग्राहकांचीच वाट धरावी असे वाटते. एकच विचारायचे आहे: साहेबांशी हा विषय काढावा कसा? वार्षिक अप्रेजलमध्ये सगळे घाईत असते, आणि एरवी काढला तर 'आधी हा महिना पाहू' असे उत्तर येते.

टीम सांभाळणारी

अप्रेजलची वाट पाहू नका, तोवर निर्णय बहुधा झालेले असतात. तिमाहीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ध्या तासाची वेळ मागा आणि विषय आधीच लिहून कळवा, म्हणजे त्यांनाही विचार करायला अवधी मिळेल. बैठकीत 'मला बढती हवी' असे म्हणू नका. 'प्रमुख ग्राहकांची जबाबदारी देताना आपण कोणत्या दोन-तीन गोष्टी पाहाल आणि त्यांपैकी माझ्याकडे आज कोणती नाही?' असे विचारा. जे उत्तर मिळेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने त्यांना कळवा आणि त्यातच पुढच्या तिमाहीतील आढाव्याची तारीख सुचवा. उत्तर मोघम आले, तर एखाद्या मोठ्या ग्राहकाच्या कामात सध्याच्या जबाबदार सहकाऱ्यासोबत सहायक म्हणून घ्यावे, अशी मागणी करा. ती मान्य करायला साहेबांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि तीही दोनदा टळली, तर तुमची वाट या कंपनीतून जाते का याचा विचार सुरू करायला हरकत नाही.

आकडेमोड

त्या बैठकीला जाताना मागील चार तिमाहींचे तुमचे अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री एका पानावर शेजारी शेजारी मांडून न्या. अंतर मोठे असले तरी न्या. साहेबांकडे ते आकडे असतातच, ते तुम्हीही पाहता एवढे त्यांना कळू द्या.